आधी पडायला शिका!

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. माझी पुतणी अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आली, ती चाकांचे बूट म्हणजे स्केट्स पिशवीत घेऊनच. सातवीतली मुलगी. वाढदिवसाला मिळालेले ते नवे कोरे बूट पायांत चढवण्याची तिला कोण घाई! पिशवीत हेल्मेट होते, गुडघ्यांचे, कोपरांचे व मनगटांचे गार्डही होते. ती ते घालू लागली तेव्हा मीच म्हणालो, “अगं, तू काही शर्यतीत उतरत नाहीस. आज नुसती व्हरांड्यात उभी राहून बघ. त्याला हेल्मेट कशाला?” ती उभी राहिली. क्षणभरात दोन्ही पाय पुढे सटकले आणि ती ताठच्या ताठ पाठीमागे फरशीवर आडवी झाली. डोके आपटल्याचा आवाज मला आजही आठवतो. ती रात्र तिला दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावी लागली. सुदैवाने निभावले. सकाळी तिने मला विचारले, “काका, मी तं जाग्यावरच उभी होती. मंग एवढं लागलं कसं?”

प्रश्न बिनतोड होता. पडणाऱ्या वस्तूंची गणिते वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवणाऱ्या माणसाला तो आधीच पडायला हवा होता. विद्यार्थी मित्रहो, तिला दिलेले उत्तर थोडे विस्ताराने येथे मांडतो. तुमच्यापैकी अनेकांना स्केटिंग शिकण्याची हौस असेल. ती जरूर पुरवा. मात्र तोल, वेग आणि पडणे यांमागचे नियम आधी समजून घ्या.

लांबीला मोकळे, आडवे घट्ट

चालताना आपण पावलाने जमीन मागे रेटतो आणि जमीन आपल्याला पुढे रेटते. हे घर्षणामुळे शक्य होते. साध्या बुटाचा तळ सर्व दिशांना सारखाच घट्ट धरून राहतो. स्केटचे तसे नाही. पावलाच्या लांबीच्या दिशेने त्याची चाके सहज फिरतात, पण आडव्या दिशेने ती फिरू शकत नाहीत, तेथे त्यांची जमिनीवरची पकड कायम असते. बैलगाडीचेच पाहा ना. धुरेच्या दिशेने ओढली की दोन बैल भरलेली गाडी नेतात, पण रिकामी गाडीही बाजूने ढकलून पाहा, तसूभर हलणार नाही.

नवशिक्याची फसगत येथेच होते. चालण्याच्या सवयीने तो चवड्याने मागे रेटा देतो. चाक मोकळे असल्यामुळे पाऊलच मागे जाते, शरीर पुढे जात नाही, आणि तोल सुटतो. म्हणून स्केटवर रेटा नेहमी चाकाला आडवा, म्हणजे काटकोनात द्यायचा असतो. पाऊल पुढच्या दिशेशी तिरपे करून बाहेरच्या बाजूला ढकलले की जमिनीच्या प्रतिक्रियेचा काही भाग आपल्याला पुढे नेतो. पाऊल ३० अंशांनी वळवले असेल, तर पुढे नेणारा घटक त्या प्रतिक्रियेच्या निम्मा असतो, कारण ३० अंशांची ज्या ०.५ आहे. पाऊल अगदी सरळ ठेवले तर हा घटक शून्य होतो. कितीही जोर लावा, पुढे सरकणार नाही.

नुसते उभे राहतानाही हाच नियम उपयोगी पडतो. दोन्ही पावले समांतर ठेवली तर दोन्हींची मोकळी दिशा एकच असते आणि ती एकदमच सटकतात. माझ्या पुतणीचे तसेच झाले. टाचा जवळ आणि चवडे बाहेर अशी बदकाच्या पायांसारखी पावले ठेवली तर एका पावलाच्या मोकळ्या दिशेला दुसरे पाऊल आडवे येते. गुडघे किंचित वाकवावेत, म्हणजे गुरुत्वमध्य खाली येतो. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली असावी, म्हणजे गुरुत्वमध्य पावलांच्या मधोमध राहतो. शरीर ताठ करून मागे रेलणे हे पडण्याचे हमखास निमंत्रण.

बर्फावरच्या स्केटला चाकांऐवजी पोलादी पाते असते. तेथेही लांबीला मोकळे आणि आडवे घट्ट हाच नियम चालतो. पाते लांबीच्या दिशेने घसरते आणि त्याची कड आडव्या दिशेने बर्फात रुतते. आपल्या वऱ्हाडात बर्फ मिळतो तो रसवंतीवर! पण सिमल्याला १९२० सालापासून हिवाळ्यात नैसर्गिक बर्फाच्या मैदानावर स्केटिंग चालत आले आहे. पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि म्हणून पाते घसरते, असे स्पष्टीकरण कित्येक पुस्तकांत आढळते. ते जरा ताडून पाहू. ५० किलोग्रॅम वस्तुमानाचा मुलगा एका पात्यावर उभा आहे आणि पात्याचा १५० चौरस मिलिमीटर भाग बर्फाला टेकला आहे असे समजा. दाब सुमारे ३२ वातावरणे होतो. एवढ्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू जेमतेम पाव अंश सेल्सिअसने उतरतो. बर्फ तर शून्याखाली ५ अंशांवर असतानाही स्केटिंग उत्तम होते! तेव्हा दाब हे मुख्य कारण नव्हे. बर्फाच्या अगदी वरच्या थरातील रेणूंना एकाच बाजूने शेजारी असतात, त्यामुळे ते सैल बांधलेले असतात आणि द्रवासारखे वागतात. असा थर असावा ही कल्पना मायकेल फॅरेडे यांनी १८५० सालीच मांडली होती. त्यात पात्याच्या घर्षणाने निर्माण होणाऱ्या उष्णतेची भर पडते.

आरशावर आदळलेला संशोधक

अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक कल्पक यंत्रकार राहत असे. चाकांचे बूट तयार करणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्याचे नाव घेतात. त्याची एक गोष्ट सांगितली जाते. एका मेजवानीत तो हे बूट घालून, व्हायोलिन वाजवत दिमाखात आला आणि थेट एका मौल्यवान आरशावर जाऊन आदळला. आरसा फुटला, व्हायोलिन मोडले आणि मर्लिनला बरीच दुखापत झाली. त्याच्या बुटांना पुढे जाता येत होते. वळता येत नव्हते आणि थांबताही येत नव्हते.

वळण्याची अडचण अमेरिकेतील जेम्स प्लिंप्टन यांनी १८६३ साली सोडवली. त्यांनी चार चाकांच्या स्केटमध्ये चाकांचे आस आणि बुटाचा तळ यांच्यामध्ये रबराच्या उशा बसवल्या. स्वार ज्या बाजूला झुके, त्या बाजूला आस वळत आणि स्केट कमानीत फिरे. पुढे १९८० च्या सुमारास मिनेसोटा राज्यातील ओल्सन बंधूंनी एकामागे एक अशा ओळीतील चाकांचे स्केट लोकप्रिय केले. त्यांनाच आपण इनलाइन स्केट म्हणतो. बर्फावर हॉकी खेळणाऱ्यांना उन्हाळ्यातही सराव करता यावा, हा त्यामागचा एक हेतू होता.

मर्लिनच्या फजितीतून धडा घ्यायचा तो हा, की पुढे जाणे सोपे आहे आणि थांबणे शिकावे लागते. थांबण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे ठरवून थांबणे आणि दुसरी म्हणजे पडणे! दुसरीचा विचार आधी करू.

पडणाऱ्या पट्टीचा प्रयोग

एक मीटर लांबीची लाकडी पट्टी घ्या. तिचे एक टोक टेबलाच्या कडेवर ठेवून बोटाने हलकेच दाबा, म्हणजे ते टोक बिजागरीसारखे जागच्या जागी राहील. दुसरे टोक हवेत हाताने धरून पट्टी आडवी ठेवा. पट्टीवर दर दहा सेंटीमीटरवर एक रुपयाचे एकेक नाणे मांडा आणि हवेतले टोक एकदम सोडा. टेबलाकडची नाणी पट्टीबरोबर खाली जातील, पण मोकळ्या टोकाकडची नाणी मागे राहतील. पट्टीचे टोक त्यांच्या खालून निसटून पुढे निघून गेलेले असेल.

नाणी तर गुरुत्वाकर्षणाच्या पूर्ण त्वरणाने पडत आहेत. मग पट्टीचे टोक त्यांच्यापेक्षा वेगाने कसे पडले? कारण पट्टीचा प्रत्येक कण सुटा नाही. मधले आणि टेबलाजवळचे कण सावकाश पडतात व टोकाच्या कणांना आपली ऊर्जा जणू उसनी देतात. अशा आडव्या पट्टीच्या टोकाचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दीडपट असते.

आता ताठ उभा माणूस ताठच कोसळला तर? तोही एक पट्टीच आहे, आणि डोके तिच्या मोकळ्या टोकाला आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लावला तर उत्तर असे मिळते, की डोके जमिनीवर आदळते ते स्वतःच्या उंचीच्या दीडपट उंचीवरून सुटे पडल्यासारखे. पाय जागेवर राहिले काय किंवा जमिनीवरून सटकले काय, आदळण्याच्या क्षणी हिशेब तोच राहतो. माझ्या पुतणीची उंची १.४ मीटर. तिची दीडपट २.१ मीटर. इतक्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा जमिनीजवळचा वेग सेकंदाला ६.४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २३ किलोमीटर होतो. ही सायकलच्या चांगल्या वेगाची गोष्ट झाली. सायकलच्या वेगाने डोके फरशीवर आपटले आणि मुलगी मात्र जागची हललीही नव्हती!

माणसाचे शरीर काही एकसारखी पट्टी नव्हे. कंबर आणि गुडघे वाकले की हा हिशेब बदलतो. आपला बचाव तेथेच आहे. जो वाकतो, तो कमी उंचीवरून पडतो आणि त्याचे डोके पट्टीचे टोक बनत नाही.

उंची भागिले थांबण्याचे अंतर

पडणे वाईट नसते. एकदम थांबणे वाईट असते. पडताना मिळालेला वेग किती अंतरात नाहीसा होतो, यावर दुखापत अवलंबून असते. त्यासाठी एक सोपे सूत्र लक्षात ठेवा. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा. येणारी संख्या सांगते, की सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या किती पट आहे.

फरशीवर उघडे डोके आपटले आणि समजा ते ३ मिलिमीटरांत थांबले. उंची २१०० मिलिमीटर भागिले ३, म्हणजे ७०० पट. आता डोक्यावर हेल्मेट आहे आणि त्याच्या आतील फोम २० मिलिमीटर दबला असे धरा. २१०० भागिले २० म्हणजे १०५ पट. हेल्मेटने पडण्याची उंची कमी केली नाही की वेग कमी केला नाही. थांबायला १७ मिलिमीटर जागा वाढवून दिली, एवढेच. त्या १७ मिलिमीटरांची किंमत मला दवाखान्याच्या बाकावर कळली.

सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट यांच्या हेल्मेटसाठी युरोपात ई. एन. १०७८ नावाचे मानक आहे. त्यात हेल्मेट सपाट पोलादावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटवतात आणि आतील नकली डोक्याचे मंदन गुरुत्वत्वरणाच्या २५० पटींपेक्षा जास्त होता कामा नये, अशी अट असते. हा वेग दीड मीटर उंचीवरून पडल्याचा आहे. ताठ कोसळणाऱ्याचे डोके याहून वेगाने आदळू शकते, हे आपण आताच पाहिले. म्हणजे हेल्मेट हे काही मंतरलेले कवच नव्हे. हेल्मेटही हवे आणि वाकून पडणेही हवे. फोम एकदा दबला की पूर्ववत होत नाही, म्हणून जोराने आपटलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी बदलावे.

हे सूत्र आपल्या कुस्तीच्या आखाड्याला शतकानुशतके ठाऊक आहे. आखाड्यातली माती चाळलेली असते, तिच्यात ताक, तेल, हळद घालतात आणि रोज ती फावड्याने उकरून भुसभुशीत करतात. पाठीवर आदळलेला मल्ल त्या मातीत दोन-चार सेंटीमीटर रुततो, म्हणून उठून पुन्हा शड्डू ठोकतो. आमच्या अमरावतीला आखाड्याची परंपरा मोठी. येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन कबड्डी आणि इतर भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. आखाड्यात नव्या पोराला डाव शिकवण्याआधी पडायला शिकवतात. स्केटिंगच्या मैदानावर सिमेंट असते, ते उकरता येत नाही. तेव्हा आखाड्याची माती आपण अंगावर बांधून न्यायची. गुडघ्यांचे, कोपरांचे आणि मनगटांचे गार्ड म्हणजे दुसरे काय?

मनगटाच्या गार्डकडे मुले हटकून दुर्लक्ष करतात. पडताना हात आपोआप पुढे जातो आणि सगळा भार मनगटावर येतो. इनलाइन स्केटिंगमध्ये सर्वांत जास्त दुखापती मनगटालाच होतात. अमेरिकेतील एका अभ्यासात, जो १९९६ साली प्रसिद्ध झाला, असे आढळले की मनगटाचे गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका घालणाऱ्यांच्या सुमारे दहापट होता. या गार्डच्या तळहाताकडे एक कडक गुळगुळीत पट्टी असते. हात जमिनीवर अडकून न पडता ती पुढे घसरते आणि थांबण्याचे अंतर मिलिमीटरांवरून सेंटीमीटरांवर जाते.

वेगाचीही उंची असते

आतापर्यंत आपण उभ्याने पडलो. आता धावत्या स्केटकडे वळू. प्रत्येक वेगाला एक उंची जोडता येते. तेवढ्या उंचीवरून पडलेल्या वस्तूला जमिनीजवळ नेमका तो वेग मिळतो. ताशी १० किलोमीटर वेगाची उंची ०.४ मीटर भरते, म्हणजे घरातल्या स्टुलाएवढी. ताशी २० किलोमीटर वेगाची १.६ मीटर, म्हणजे मोठ्या माणसाएवढी. ताशी ४० किलोमीटर वेगाची ६.३ मीटर. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत २ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी ३००० मीटर रिले स्केटिंगमध्ये कांस्यपदके मिळवली. आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे या चौघांच्या पुरुष संघाने हे अंतर सुमारे ४ मिनिटे १० सेकंदांत कापले. सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर झाला, आणि त्याची उंची ७.३ मीटर, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीएवढी! हे खेळाडू जणू गच्चीच्या कडेवरून धावत असतात. त्यांच्या डोक्यावरचे हेल्मेट शोभेसाठी नसते.

आपले सूत्र येथेही लागू होते. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा मुलगा भिंतीवर आदळून १० सेंटीमीटरांत थांबला, तर मंदन १६ पट. तोच ब्रेक लावून ८ मीटर अंतरात थांबला, तर गुरुत्वत्वरणाच्या केवळ एक पंचमांश. ब्रेक लावायचे सुचेपर्यंत तो आणखी चार मीटर तरी पुढे गेलेला असतो, म्हणून त्याला एकूण बारा मीटर मोकळी जागा समोर हवी. आणि ब्रेक लावताच आला नाही तर? चाकांचा रोध वजनाच्या शेकडा दीड धरला आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर स्केट आपोआप थांबायला शंभर मीटरांहून जास्त अंतर लागते. एवढे मोठे अंगण कोणाच्या घरी असते?

थांबण्याच्या तीन रीती नवशिक्याने शिकाव्यात. पहिली नांगराची. पाय फाकवायचे, चवडे आत वळवायचे आणि टाचा बाहेरच्या बाजूला रेटायच्या. चाके आडवी घासतात आणि वेग उतरतो. दुसरी रीत ब्रेकच्या ठोकळ्याची. चार चाकांच्या स्केटला तो बहुधा पुढे असतो, तर इनलाइन स्केटला टाचेमागे. टाचेचा ब्रेक लावायचा तर ते पाऊल पुढे सरकवून त्याचा चवडा वर उचलायचा. तिसरी रीत म्हणजे मागचे पाऊल पुढच्याच्या मागे काटकोनात धरून हलकेच ओढत नेणे. नीट पाहिले तर पहिल्या आणि तिसऱ्या रीतीत चाकाच्या आडव्या घर्षणाचाच उपयोग केलेला आहे. ज्या नियमाने आपण पुढे गेलो, तोच आपल्याला थांबवतो.

खडा, भेग आणि काळी माती

सायकलस्वाराला न जाणवणारा खडा स्केटवाल्याला तोंडघशी पाडतो. याचे कारण चाकाच्या आकारात आहे. ५ मिलिमीटर उंचीचा खडा ओलांडायला चाकाच्या आसावर किती आडवा जोर लागतो, हे भूमितीने काढता येते. ६० मिलिमीटर व्यासाच्या स्केटच्या चाकाला त्यावरील भाराच्या ०.६६ पट, ८० मिलिमीटरच्या इनलाइन चाकाला ०.५५ पट, सायकलच्या ६६ सेंटीमीटर चाकाला ०.१८ पट आणि बैलगाडीच्या १२० सेंटीमीटर चाकाला अवघा ०.१३ पट. आपल्या पूर्वजांनी दगडधोंड्यांच्या वाटांसाठी गाडीला एवढे मोठे चाक का लावले, ते यावरून कळते. खडा चाकाच्या त्रिज्येइतका उंच असेल, तर कितीही आडवा जोर लावून चाक त्यावर चढत नाही. पाऊल जागीच थांबते, शरीर जडत्वामुळे पुढे जातच राहते आणि आपण ओणवे पडतो.

भेगेचेही तसेच. दोन सेंटीमीटर रुंदीच्या भेगेत सायकलचे चाक ०.१५ मिलिमीटर उतरते, म्हणजे उतरतच नाही म्हणा. स्केटचे छोटे चाक मात्र १.७ मिलिमीटर उतरते आणि समोरच्या कडेला ठोकर खाते. म्हणून खडबडीत जागी एक पाऊल दुसऱ्याच्या थोडे पुढे ठेवावे. पुढून मागे असा आधाराचा पाया लांबला, की एकाएकी आलेला झटका सोसता येतो.

वऱ्हाडात भेगांना तोटा नाही. आपली कपाशीची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वैशाखात वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काळा दगड झिजून झालेल्या या मातीतील चिकण खनिजांच्या थरांमध्ये पाणी शिरते आणि निघून जाते, त्याचा हा परिणाम. काळी माती न काढता आणि खाली मुरूम न दाबता तिच्यावर सिमेंटचे अंगण केले, तर तेही वर्षा-दोन वर्षांत उचलते आणि तडकते. शाळेच्या अंगणात स्केटिंग सुरू करण्यापूर्वी शिक्षकांनी ते एकदा झाडून घ्यावे आणि भेगा व उंचवटे खडूने रेखून घ्यावेत. बारीक वाळूही वाईट. ती चाकाची आडवी पकड कमी करते, आणि वळणे व थांबणे दोन्ही त्या पकडीवरच अवलंबून आहे.

मग गुळगुळीत रस्ता बरा, असे कोणाला वाटेल. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा सलग पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पण तो रस्ता वाहनांसाठी आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या ट्रकच्या वेगाची उंची १४ मीटर. चांगले ब्रेक गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट मंदन देतात असे धरले तर ब्रेक लागल्यावर २० मीटर, आणि त्याआधी चालकाला भान यायला एक सेकंद म्हणजे आणखी १७ मीटर. जवळजवळ ३७ मीटर! तोल सावरत असलेल्या मुलाला तेवढा अवधी रस्ता देत नाही. मोटार येऊ शकते अशा कोणत्याही जागी, मग ती कॉलनीतली गल्ली का असेना, स्केटिंग शिकू नये.

वेळही पाहावी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, डांबर मऊ होते आणि उन्हाने तापलेल्या फरशीवर पडलेल्या हाताला चटका बसतो. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी किंवा दिवेलागणीपूर्वीच्या तासात सराव करावा.

शिकण्याचा क्रम

१. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर बसवा. हनुवटीखालचा पट्टा बांधा. मग गार्ड, आणि सर्वांत शेवटी स्केट.

२. पहिल्या दिवशी हिरवळीवर किंवा जाड सतरंजीवर उभे राहा. तेथे चाके फिरत नाहीत. गुडघे वाकवून बदकासारखी पावले टाका.

३. तेथेच पडण्याचा सराव करा. तोल गेला असे वाटताच खाली बसते व्हा, पुढे झुका. आधी गुडघ्यांचे गार्ड टेकवा, मग कोपरांचे, मग मनगटांचे. बोटे वर उचललेली असावीत. हनुवटी छातीकडे ठेवा, म्हणजे डोके मागे आपटत नाही.

४. उठताना एक गुडघा टेकलेला ठेवा, दुसरे पाऊल जमिनीवर रोवा आणि दोन्ही हात उभ्या गुडघ्यावर दाबून वर या.

५. हे अंगवळणी पडल्यावरच सिमेंटवर जा. चार पावले टाका आणि थांबा. पुन्हा चार पावले आणि थांबा. सांगितल्या जागी तीनदा ओळीने थांबता आले, की वेग थोडा वाढवा.

६. डोक्याला मार लागला तर खेळ तत्काळ बंद करा आणि मोठ्यांना सांगा. उलटी, ग्लानी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर माझ्या पुतणीने याच क्रमाने पुन्हा सुरुवात केली. बागेतल्या हिरवळीवर पहिल्या तासात ती अकरा वेळा पडली. मी बाजूला बसून मोजत होतो. पुढच्या आठवड्यात ती सिमेंटवर आली आणि धावता धावता एका खड्याला अडखळून चांगली हातभर घसरत गेली. माझ्या काळजाचा ठोका चुकला. ती मात्र गुडघ्यावर हात रोवून उठली, मनगटाच्या गार्डवरचा ओरखडा मला दाखवला आणि म्हणाली, “पाहा काका, आज तं मी पळता पळता पडली, तरी काईच नाई लागलं.”

स्वतः करून पाहा

१. तुमची उंची मोजा. तुम्ही ताठ कोसळलात तर डोके किती वेगाने आदळेल? हाच हिशेब पूर्ण बसलेल्या स्थितीसाठी, डोक्याची जमिनीपासूनची उंची मोजून करा आणि दोन्ही वेगांची तुलना करा.

२. दोन सारख्या पणत्या घ्या. एक मीटर उंचीवरून एक फरशीवर आणि दुसरी चाळलेल्या मातीच्या ढिगावर पडू द्या. मातीत पडलेली पणती किती खोल रुतली ते मोजा आणि तिचे मंदन गुरुत्वत्वरणाच्या किती पट होते ते काढा.